नव्या लॅपटॉपवर विंडोज १० की ११: निर्णय कसा घ्यावा

नवा लॅपटॉप घरी येतो तेव्हा त्यात विंडोज ११ आधीच भरलेले असते, आणि आठवडा उलटायच्या आत कोणीतरी जाणकार सुचवतो, की ते काढून १० टाकून घ्या. ते हलके आहे आणि जुने सगळे त्यावर चालते. असा सल्ला एके काळी अगदी योग्य होता. २००७ साली व्हिस्टा आले तेव्हा अनेकांनी नव्या यंत्रावर मुद्दाम एक्सपी घातले आणि त्यात त्यांचे काही बिघडले नाही, कारण लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या एक्सपीचे ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचा एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम, देत होत्या आणि एक्सपीला सुरक्षा-अपडेट पुढे ८ एप्रिल २०१४ पर्यंत मिळत राहिले. जुनी प्रणाली निवडणे शहाणपणाचे ठरते ते या दोन गोष्टी हाती असतील तरच. आज विंडोज १० च्या बाबतीत पहिली अर्धवट उरली आहे आणि दुसरी संपत आली आहे.

तारखा आधी पाहू. विंडोज १० चे नियमित सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. घरगुती वापरासाठी ईएसयू नावाची वाढीव मुदतीची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, पण तिच्यासाठी २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. संस्थांना पैसे भरून ही मुदत ऑक्टोबर २०२८ पर्यंत वाढवता येते, मात्र दर वर्षी दर दुप्पट होतो. अँटिव्हायरस आहे, मग अपडेट कशाला, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. पण अँटिव्हायरस घातक फाइल ओळखतो, प्रणालीत राहिलेली फट बुजवत नाही. एलटीएससी नावाची दीर्घ मुदतीची आवृत्तीही काही दुकानदार मोठ्या विश्वासाने सुचवतात. ती अस्तित्वात आहे हे खरे, परंतु ती संस्थांना आणि यंत्रनिर्मात्यांना परवान्याने दिली जाते. दुकानात चारपाचशे रुपयांत जी ‘टाकून’ मिळते तिचा परवाना कोणाच्या नावावर आहे, एवढे एकदा विचारून पाहावे.

आता यंत्राकडे वळू. लॅपटॉपच्या तळाशी असलेल्या स्टिकरवर अनुक्रमांक असतो. निर्मात्याच्या सपोर्टच्या पानावर तो टाकला, की ड्रायव्हरच्या यादीच्या वर ऑपरेटिंग सिस्टीम निवडण्याची एक छोटी चौकट दिसते. त्या चौकटीत फक्त विंडोज ११ असेल, तर या लेखातला अर्धा प्रश्न तिथेच सुटला असे समजावे. १० घालता येणारच नाही असे नव्हे, पण टचपॅड, आवाज, बोटाचा ठसा, झाकण मिटल्यावरची झोप आणि बॅटरीचे व्यवस्थापन यांपैकी काय चालेल आणि काय रुसेल याची हमी कोणीच देणार नाही, आणि सेवा केंद्रात नेल्यावर पहिल्यांदा मूळ प्रणाली पुन्हा घालायला सांगतील. यादीत १० असेल तर मात्र पुढचे वाचण्यात अर्थ आहे.

हार्डवेअरच्या दोनतीन गोष्टी सरळ ११ च्या बाजूने जातात. इंटेलच्या १२ व्या पिढीपासून बहुतेक प्रोसेसरमध्ये जलद आणि काटकसरी असे दोन प्रकारचे कोअर असतात, आणि कोणते काम कोणत्या कोअरकडे द्यायचे याची वाटणी ११ अधिक नीट करते. वायफाय ६ई चा ६ गिगाहर्ट्झ पट्टा १० वर मिळत नाही. स्नॅपड्रॅगन एक्स मालिकेचा लॅपटॉप असेल तर प्रश्नच उद्भवत नाही, कारण तो एआरएम जातीचा, म्हणजे नेहमीच्या एक्स६४ हून वेगळ्या रचनेच्या प्रोसेसरचा आहे आणि ११ घेऊनच चालतो. अशा लॅपटॉपवर नेहमीचे प्रोग्रॅम रूपांतराच्या थरातून चालून जातात, पण ड्रायव्हर त्या थरातून चालत नाहीत. ते एआरएमसाठीच लिहिलेले असावे लागतात. ज्याच्याकडे जुना प्रिंटर, डिजिटल सहीचा टोकन किंवा सॉफ्टवेअरचा डोंगल (परवान्याचे लॉक) आहे, त्याने खरेदीपूर्वीच ‘सिस्टीम टाइप’मध्ये एक्स६४ लिहिले आहे की एआरएम, हे दुकानात पाहून घ्यावे. बॅटरी दिवसभर पुरते, या एकाच गुणावर भुलून असा लॅपटॉप घेणारा टायपिंगवाला नंतर अडकतो.

जुने सॉफ्टवेअर: खरा अडसर कोठे आहे

१० हवे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचे खरे कारण एखादे जुने सॉफ्टवेअर असते. दुकानाचे किंवा पतसंस्थेचे फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमधले खाते, छापखान्यातले पाने मांडायचे पेजमेकर आणि त्यासोबतचे मराठी फॉन्टचे पॅकेज, खरखर करत बिले छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, अशी ती यादी असते. या यादीतली जी गोष्ट ११ वर अडते, ती नव्या लॅपटॉपवरच्या १० वरही बहुधा अडणारच असते, हे नीट ध्यानात घेतले जात नाही, म्हणून ते थोडे तपशीलाने पाहू.

डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीच्या, काळातले प्रोग्रॅम १६-बिटचे आहेत आणि ते केवळ ३२-बिट विंडोजवर चालतात. ११ ही फक्त ६४-बिटमध्ये येते, म्हणून तिच्यावर ते चालत नाहीत. १० ची ३२-बिट आवृत्ती आहे. पण अलीकडच्या लॅपटॉपांत जुन्या पद्धतीच्या बायोसची (यंत्र सुरू करून देणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची) सोयच उरलेली नाही, आणि त्या सोयीविना त्यांच्यावर ३२-बिट विंडोज सुरू होत नाही. उरते ६४-बिट १०, आणि तिच्यावरही डॉसचा प्रोग्रॅम तितकाच बंद. म्हणजे सगळा खटाटोप करून १० घातले तरी पतसंस्थेचे खाते काही उघडत नाही. याउलट व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ सारखे ३२-बिटचे प्रोग्रॅम १० वर चालत असतील तर ते ११ वरही सहसा चालतात. तेव्हा जुन्या संगणकावर ‘अबाउट’च्या पानात ‘सिस्टीम टाइप’ वाचावा. तिथे ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम असे लिहिले असेल, तर आपला प्रोग्रॅम १६-बिटचा आहे का, हे तो बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय नवे काही ठरवू नये.

डोंगलची गोष्ट वेगळी आहे. श्री-लिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या मराठी टायपिंगच्या पॅकेजांच्या आणि हिशेबाच्या कित्येक प्रोग्रॅमांच्या जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्यांकडे संगणकाला लावायचे लॉक असते. ते पॅरलल पोर्टचे असेल तर नव्या लॅपटॉपवर ते लावायला जागाच नाही, आणि बाजारात मिळणारे यूएसबी कन्व्हर्टर प्रिंटरसाठी केलेले असल्याने त्यांचा लॉकसाठी सहसा उपयोग होत नाही. ते यूएसबीचे असेल तर ड्रायव्हर हा कळीचा मुद्दा. नव्या लॅपटॉपवरच्या ११ मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाचे संरक्षण सहसा सुरू असते आणि ते दहाबारा वर्षांपूर्वीचे ड्रायव्हर आत येऊ देत नाही. एका छोट्या सूचनेत ड्रायव्हर लोड होऊ शकत नाही एवढेच दिसते आणि डोंगलचा दिवा लागत नाही. १० वर तोच डोंगल चालतो, कारण तिथे हे संरक्षण सहसा बंद असते. अशा वेळी आधी लॉक बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर शोधावा, बरेचदा तो मिळतो. नाहीच मिळाला, तर ‘विंडोज सिक्युरिटी’मधील ‘डिव्हाइस सिक्युरिटी’ आणि तिथल्या ‘कोअर आयसोलेशन’ या भागात जाऊन ते संरक्षण बंद करता येते. हा काही चांगला उपाय नव्हे. पण अपडेट नसलेली संपूर्ण जुनी प्रणाली घालण्यापेक्षा एक कडी सैल करणे बरे.

यापैकी काहीच लागू पडत नसेल तर जुनी प्रणाली नव्या प्रणालीच्या आत, आभासी यंत्रात चालवावी. व्हर्च्युअलबॉक्स मोफत आहे. १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर आतल्या ३२-बिट विंडोजला २ जीबी दिली तरी तिचे भागते, आणि यूएसबी डोंगल मेनूतून खूण करून आतल्या यंत्राकडे सोपवता येतो. आतल्या यंत्राचे इंटरनेट सेटिंगमधूनच तोडून टाकावे आणि फाइलींची देवाणघेवाण एका सामायिक फोल्डरमधून करावी. खाली एका कोपऱ्यात छोटे हिरवे कासव दिसले तर घाबरू नये. विंडोजचे स्वतःचे आभासीकरण सुरू असल्याने वेग कमी झाला आहे, असे ते सांगते, आणि फॉक्सप्रोला त्या वेगाचे काहीही सोयरसुतक नसते. आतल्या विंडोजचाही परवाना लागतो, हे मात्र विसरू नये. या रचनेचा मोठा लाभ असा, की सगळे जुने यंत्र एका फोल्डरमध्ये मावते आणि तो बाहेरच्या डिस्कवर उतरवला की बॅकअप पुरा होतो.

तरीही १० घालायचेच असेल तर

काही ठिकाणी ते रास्त असते: प्रयोगशाळेतले एखादे मोजणीचे यंत्र, ज्याचा निर्माता फक्त १० ला मान्यता देतो आणि ज्याच्या लॅपटॉपला इंटरनेट लागत नाही. अशा वेळी परवाना पाहावा. लॅपटॉपवर विंडोज ११ प्रो असेल तर त्याच्या परवान्यात १० प्रो वापरण्याचा हक्क येतो. होम आवृत्तीत तो नाही.

काहीही पुसण्याआधी ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ करून घ्यावा, म्हणजे मूळ ११ परत आणता येईल. अपग्रेड केलेल्या यंत्रावर दहा दिवसांत मागे जाण्याचे जे बटण मिळते, ते ११ घेऊनच आलेल्या लॅपटॉपवर उपयोगी नाही. डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, झालेली आहे का तेही पाहावे, कारण नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की हे काम पुष्कळदा न विचारताच होते. ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात असते, ती कागदावर उतरवूनच बायोसला हात लावावा. मग इन्स्टॉल सुरू केल्यावर डिस्क निवडण्याच्या पडद्यावर यादी रिकामी दिसली, तर डिस्क बिघडलेली नसते. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुष्कळ लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची डिस्क हाताळणारी व्यवस्था सुरू असते आणि १० च्या इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर नसतो. निर्मात्याच्या संकेतस्थळावरून इंटेल आरएसटीचा ड्रायव्हर आधीच उतरवून, उलगडून इन्स्टॉलच्या पेनड्राइव्हवर ठेवावा आणि ‘लोड ड्रायव्हर’ने तो दाखवावा. वायफायचा ड्रायव्हरही सोबत ठेवावा. नाहीतर नवी प्रणाली उभी राहते आणि ड्रायव्हर आणायला इंटरनेट नसते.

विंडोजशिवाय आलेला लॅपटॉप

आपल्याकडे ‘डॉस लॅपटॉप’ म्हणून काही यंत्रे स्वस्तात मिळतात. त्यांत फ्रीडॉस किंवा उबंटू असते. त्यावर दुकानदाराकडून ‘क्रॅक’ केलेले विंडोज घालून घेणे म्हणजे बँकेचे व्यवहार करायच्या यंत्रात अनोळखी माणसाने केलेला प्रोग्रॅम सर्वाधिकारांसह बसवणे. एकतर परवाना विकत घ्यावा, नाहीतर लिनक्सच वापरावे.

लिनक्समध्ये जुने की नवे हा प्रश्न निराळ्या रूपात येतो, आणि इथे जुन्याच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. उबंटूची एप्रिल २०२४ ची २४.०४ ही एलटीएस (दीर्घ मुदतीची) आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते, तर मधल्या आवृत्त्यांना नऊच महिने मिळतात. अडचण एवढीच, की लॅपटॉप कर्नलपेक्षा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यापेक्षा, नवा असेल तर वायफाय किंवा आवाज चालत नाही. २४.०४ ची मूळ फाइल ६.८ कर्नल घेऊन आली होती. तिच्याच नंतरच्या सुधारित फाइलींत नवे कर्नल आहे, म्हणून सर्वांत अलीकडची फाइल उतरवावी. डेबियन ही दुसरी लिनक्स वापरणाऱ्यांनी नव्या लॅपटॉपसाठी जून २०२३ च्या १२ ऐवजी ऑगस्ट २०२५ ची १३ घ्यावी. इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज, प्रकाश कमी-जास्त करण्याची बटणे आणि झाकण मिटून उघडल्यावर पडदा परत येतो की नाही, हे पाहता येते. शेवटची चाचणी सर्वांत महत्त्वाची, आणि तीच बहुतेक जण करत नाहीत.

११ वर राहायचे ठरल्यावर

११ ची नवी आवृत्ती साधारण दर वर्षी शरदात येते आणि होम-प्रोवर तिला २४ महिने अपडेट मिळतात, म्हणून ती आल्याच्या आठवड्यात घेण्याची काहीच घाई नसते. मासिक सुरक्षा-अपडेट मात्र थांबवू नयेत. रॅमची अधिकृत किमान मर्यादा ४ जीबी असली तरी ८ पेक्षा कमी घेऊ नये, आणि रॅम बोर्डालाच जोडलेली असेल तर १६ च घ्यावी, कारण नंतर वाढवता येत नाही. मराठीत काम करणाऱ्यांनी सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडून घ्यावी. ‘ऑप्शनल फीचर्स’मधून देवनागरीचे पूरक फॉन्ट आले आहेत का तेही पाहावे, मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट त्यात असतात, आणि ते नसले की कार्यालयातून आलेल्या वर्ड फाइलीची पाने सरकून सह्यांची जागा पुढच्या पानावर जाते. उच्चारानुसार टाइप करायचा मराठी फोनेटिक कीबोर्ड २०१९ पासून विंडोजमध्येच आहे, वेगळे काही बसवावे लागत नाही. इनस्क्रिप्टही तिथेच मिळतो, आणि दोन्ही जोडून ठेवले तर विंडोजचे बटण धरून स्पेस दाबली की अदलाबदल होते.