ब्रिटनमध्ये लोकप्रिय संगीताची पदवी घ्यायची असेल तर

पॉप, रॉक, सोल, हिप-हॉप, इलेक्ट्रॉनिक अशा लोकप्रिय संगीताचे सादरीकरण आणि त्याची स्टुडिओतील निर्मिती हा ब्रिटनमधील विद्यापीठांत आता रुळलेला पदवीविषय आहे. बीटल्स या बँडचे पॉल मॅकार्टनी ज्या शाळेत शिकले तिच्याच इमारतीत १९९६ मध्ये सुरू झालेली लिव्हरपूलची लिपा ही संस्था, २००१ मध्ये ब्राइटनला स्थापन होऊन पुढे विद्यापीठाचा दर्जा मिळवलेली बिम आणि लीड्स कॉन्झर्वेटॉयर (कॉन्झर्वेटॉयर म्हणजे संगीतासारख्या कलांची खास शिक्षणसंस्था) ही नावे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या यादीत बहुधा असतात. मात्र नावांवरून यादी करणे हा चुकीचा आरंभ आहे, कारण पदवीच्या शीर्षकात ‘सादरीकरण’ आणि ‘निर्मिती’ हे दोन्ही शब्द असले तरी एखाद्या ठिकाणी स्टुडिओचे काम वर्षाकाठी एकाच विषयापुरते असते, तर दुसरीकडे वाद्य किंवा गायन दुसऱ्या वर्षानंतर ऐच्छिक होते.

म्हणून आधी विषयांची यादी वाचावी. इंग्लंडमधील पदवी साधारणपणे तीन वर्षांची आणि ३६० श्रेयांकांची असते. म्हणजे दरवर्षी १२०. एक श्रेयांक म्हणजे एकूण दहा तासांचा अभ्यास असे धरले जाते, त्यामुळे वर्षाचे १२०० तास होतात आणि त्यांपैकी शिक्षकांसमोरचे तास थोडेच असतात. उरलेला वेळ रियाज, बँडच्या तालमी आणि ध्वनिमुद्रण यांत जातो. हे लक्षात घेतले की विद्यापीठाला कोणते प्रश्न विचारायचे ते आपोआप ठरते: एकास एक शिकवणी वर्षाला किती तास आणि ती तिन्ही वर्षे मिळते का, स्टुडिओ रात्री उघडा असतो का आणि तो आरक्षित करण्यासाठी किती दिवस थांबावे लागते, बँड विद्यार्थ्यांनी स्वतः जमवायचे की संस्था जमवून देते. माहितीपत्रकातील भव्य मिक्सिंग डेस्कच्या छायाचित्रापेक्षा या तीन उत्तरांना मी अधिक वजन देईन.

प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी ऑडिशन असते आणि भारतातून अर्ज करणाऱ्यांना ती बऱ्याचदा चित्रफितीवर देता येते. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्याकडे सूर, लय आणि ऐकून उचलण्याची क्षमता असते. ही खरी पुंजी आहे आणि परीक्षकांना ती ऐकू येते. उणीव वेगळ्याच जागी असते. आपला गायक स्वतःच्या पट्टीत गातो आणि साथीदार त्याच्याकडे येतात. बँडमध्ये मात्र आपली पट्टी पाश्चात्त्य नावाने सांगावी लागते. हार्मोनियमची काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी चार म्हणजे एफ, काळी चार म्हणजे जी शार्प, हे जिभेवर हवे. हार्मोनियम वाजवणाऱ्याचा उजवा हात तयार असतो, पण डावा हात वर्षानुवर्षे भात्यावर राहिलेला असल्यामुळे कीबोर्डवर कॉर्ड (एकाच वेळी वाजणारा स्वरांचा गट) धरताना तो अडखळतो, तेव्हा पहिले काही महिने केवळ डाव्या हातालाच द्यावेत. तबलजीला केरव्याच्या आठ मात्रा चारच्या ठेक्यात बसवणे सोपे जाते. अवघड जाते ते ड्रमसेटवर दोन्ही पायांना स्वतंत्र काम देणे.

सर्वांत मोठा बदल उपजेच्या, म्हणजे आयत्या वेळी सुचणाऱ्या विस्ताराच्या, बाबतीत करावा लागतो. तानपुऱ्यावर षड्ज अचल असतो, म्हणून रागाचे स्वर सांभाळले की आलाप बिघडत नाही. ब्लूज या शैलीतल्या बारा बारच्या (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा खंड) आवर्तनात मात्र खालचा कॉर्ड बदलत राहतो. ए, डी आणि ई या तीन कॉर्डांवर एकच गंधार सारखाच गोड लागत नाही, आणि कोणता स्वर कुठे विसावेल याची निवड दर बारला करावी लागते. यावर सोपा उपाय असा की हे तीन कॉर्ड स्वतः वाजवून त्यांची पाच मिनिटांची फेरी मुद्रित करावी आणि रोज तिच्यावर आधी सरगमने व मग अकाराने गावे. ठरलेल्या लयीत टिकटिक करणारा मेट्रोनोमही रोजच्या रियाजात हवा, कारण लय हळूहळू चढवण्याची आपल्याकडची सवय तिथे दोष ठरते.

ऑडिशनची चित्रफीत न तोडता एका दमात घ्यावी, चेहरा व हात दोन्ही दिसावेत, आणि आवाजावर सूर दुरुस्त करणारे कोणतेही सॉफ्टवेअर चालवू नये. निर्मितीचे नमुने वेगळे द्यायचे असतात आणि तिथे तेच सॉफ्टवेअर कसे वापरले हे सांगणे उलट उपयोगाचे ठरते. घरी माइक संगणकाला जोडणारा एक साधा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक आणि आवाज बाहेर न सोडणारे, बंद पाठीचे हेडफोन पुरेसे आहेत. रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर ६० दिवस विनामूल्य वापरून पाहता येते. मुद्रण २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर करावे, सर्वांत मोठा स्वरही मीटरवरच्या शून्याच्या खाली दहाएक डेसिबल राहील इतकीच पातळी ठेवावी, पंखा बंद करावा, आणि गायकाच्या पाठीमागे दोन जाड गोधड्या टांगाव्यात; चाळीतल्या खोलीतही यामुळे घुमारा लक्षणीय कमी होतो. (शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांवर मात्र रात्री अकरानंतर मुद्रण करण्यावाचून इलाज नाही.) दोन-तीन नमुने पुरेत, पण प्रत्येकासोबत काय मुद्रित केले, काय प्रोग्रॅम केले आणि कोणता निर्णय चुकला हे अर्ध्या पानात लिहावे. मुलाखतीतले प्रश्न बहुधा याच अर्ध्या पानातून निघतात.

अर्ज यूकॅस या केंद्रीय यंत्रणेतून पाच ठिकाणी करता येतो आणि त्याची मुख्य मुदत जानेवारीत असते. कॉन्झर्वेटॉयरांची मुदत त्याआधी, ऑक्टोबरच्या आरंभी संपते, आणि ती हुकण्याचे प्रमुख कारण म्हणजे आपल्याकडे प्रवेशाचा विचारच मुळी निकालानंतर सुरू होतो. २०२६ च्या प्रवेशापासून अर्जातले वैयक्तिक निवेदन (स्वतःबद्दल लिहायचा मजकूर) तीन प्रश्नांत विभागले आहे आणि एकूण मर्यादा ४००० अक्षरचिन्हांची आहे. राज्य मंडळाच्या बारावीसाठी काही विद्यापीठे सीबीएसईपेक्षा अधिक टक्के मागतात, हेही आधीच तपासावे. तिथे गेल्यावर ६८ गुण पाहून कुणी खचू नये. ७० पासून प्रथम श्रेणी असते.

पैशांचा हिशेब करताना एक गैरसमज महागात पडतो. पदवीच्या विद्यार्थी व्हिसावर सत्रकाळात आठवड्याला २० तासांपर्यंत नोकरी करता येते, त्यामुळे कार्यक्रम करून खर्च भागवू असे अनेकांना वाटते. पण याच व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय करण्यास आणि मनोरंजन करणारा कलाकार म्हणून काम करण्यास मनाई आहे. पबमधला शनिवारचा कार्यक्रम, कुणाचे गाणे पैसे घेऊन मिक्स करणे, महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात मानधनावर गाणे, हे सर्व या मनाईच्या कक्षेत येऊ शकते. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून होणाऱ्या कार्यक्रमांबाबतही विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे, आणि खर्चाच्या तक्त्यात कार्यक्रमांच्या उत्पन्नाचा रकाना रिकामाच ठेवावा.