नांगरट ठरवण्यापूर्वी पऱ्हाटीचे मूळ पाहावे

कपाशीची शेवटची वेचणी आटोपली की जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील बहुतेक शेतांत ट्रॅक्टर उतरतो आणि गेल्या वर्षी नांगरले म्हणून यंदाही नांगरले जाते. माझ्या मते नांगरटीची गरज आणि खोली दरवर्षी शेत पाहूनच ठरवली पाहिजे, आणि त्याचा पहिला पुरावा उपटलेल्या पऱ्हाटीतच, म्हणजे वेचणीनंतर उरलेल्या कपाशीच्या झाडातच, मिळतो.

शेताच्या निरनिराळ्या भागांतून आठ-दहा पऱ्हाट्या मुळासकट खणून काढाव्यात. सोटमूळ सरळ खाली गेले असेल तर जमीन मोकळी आहे. पाच-सहा इंचांवर ते काटकोनात वळले असेल तर तेथे कठीण थर बसला आहे, असे समजावे. वर्षानुवर्षे एकाच खोलीवर फिरणारा रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारे अवजार) आणि ओल्या रानातून गेलेली ट्रॅक्टरची चाके यांमुळे हा थर तयार होतो. खात्रीसाठी शेजारी दीड फूट खोल खड्डा घेऊन त्याच्या भिंतीत वरून खाली सुरी टोचत जावे आणि जेथे ती अडते ती खोली लिहून ठेवावी.

थर आढळल्यास एप्रिल-मे महिन्यांत, माती कोरडी असताना, त्याच्या खाली दोन-तीन इंच जाईल असा सबसॉयलर (माती न उलथता खोलवरचा थर फोडणारे अवजार) चालवावा. ओल्या मातीत थर फुटत नाही, नुसती चीर पडते. थर नसेल तर काळ्या जमिनीत वखराच्या (वरची माती उथळ हलवणाऱ्या अवजाराच्या) दोन पाळ्या पुरेशा होतात, कारण ही चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि स्वतःच पुष्कळशी मोकळी होते. मात्र गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव झालेल्या किंवा कुंदा-हरळीसारख्या चिवट तणांनी व्यापलेल्या शेतात उन्हाळी खोल नांगरट टाळू नये. अळीचे कोष आणि तणांच्या काश्या (जमिनीखालची खोडे) उन्हात उघड्या पडणे तेथे गरजेचे असते.

इतका विचार करण्याचे कारण असे की, माती उलथली की तिच्यात हवा शिरते, सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ झपाट्याने कुजवतात आणि जमिनीतला कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. रोटाव्हेटरने पिठासारखी केलेली माती दिसायला सुरेख असते, परंतु जूनच्या पहिल्या जोरदार सरीत तिचा पृष्ठभाग लिंपला जातो आणि पाणी मुरण्याऐवजी गाळ घेऊन नाल्याकडे धावते. म्हणून पऱ्हाट्या आणि मक्याची धांडे जाळू नयेत. श्रेडरने बारीक करून पसरावीत. पेरणीनंतरही निदान ३० टक्के जमीन अवशेषांनी झाकलेली राहावी. अळीग्रस्त बोंडे मात्र आधी वेचून नष्ट करावीत.

पेरणीपूर्वीची मशागत वापसा आल्यावरच, म्हणजे जमिनीतली ओल मशागतीजोगी झाल्यावरच, करावी. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा; तो फुटला तर वापसा आला, चपटा होऊन राहिला तर थांबावे. सातपुड्याच्या पायथ्याच्या उताराच्या हलक्या जमिनीत प्रत्येक पाळी आणि पेरणी उताराला आडवी घ्यावी.

मक्यानंतर हरभरा घ्यायचा असल्यास ओल टिकून असताना विनानांगरट पेरणी करून पाहण्यासारखी आहे. तिच्यात डिझेल आणि ओल दोन्ही वाचतात. परंतु तणाचा त्रास वाढू शकतो आणि केवळ तणनाशकावर विसंबल्यास पर्यावरणाचा लाभ घटतो, म्हणून पहिल्या वर्षी अर्धा एकरच घ्यावा आणि उरलेल्या शेताशी तुलना करावी.