शिवारात पाणी अडवताना या चुका टाळा

पेरणी झाली की पाऊस दडी मारतो आणि परतला की एका रात्रीत वावर खरडून नेतो. विदर्भात हे दोन्ही आता एकाच हंगामात सोसावं लागतं. गावं श्रमदानाला उतरतात ती याचसाठी, आणि तरी पुष्कळ कामं दुसऱ्या वर्षी दिसत नाहीत.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नाल्यापासून सुरुवात करणं. जेसीबी थेट नाल्यात उतरतो, कारण तिथलं काम डोळ्यांत भरतं. पण वर टेकडी उघडी असेल, वावरं उताराच्या दिशेनं पेरलेली असतील, तर खोल केलेला नाला दोन-चार मोठ्या पावसांतच गाळानं भरतो. काम माथ्यावरून पायथ्याकडे आणा: टेकडीवर गवत आणि उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले समतल चर, मग ओघळींत दगडी बांध, वावरात उताराला आडवी पेरणी, नाला शेवटी. चर नजरेच्या अंदाजानं खणू नका. तळ जरा कलता राहिला की पाणी एका टोकाला धावतं, चर फुटतो आणि तिथेच नवी ओघळ पडते. इंग्रजी A च्या आकाराची लाकडी चौकट (ए-फ्रेम) आणि ओळंबा एवढ्यावर समपातळी काढता येते. काम जमलं का, हे मोठ्या पावसात नाल्यावर उभं राहून पाहा. पाणी गढूळ आलं तर वरचं काम बाकी आहे.

झाडीपट्टीतली चूक वेगळी, आणि मला जास्त बोचणारी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोहळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या बांधले, सांभाळले. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांची पद्धत गेली, तलाव सरकारकडे आले आणि गावाचा हात सुटला. आता दुरुस्ती म्हणजे सरसकट खोदाई. गाळ जरूर काढा, तो वावरात सोन्यासारखा. पण तळाचा चिकणमातीचा थर खरवडला तर पाणी झिरपून जातं. काठ उभे कापू नका. उथळ पाण्यातल्या देशी वनस्पतींत मासे अंडी घालतात, पक्षी घरटी करतात. उपटायची ती बेशरम, पाणथळ जागी माजणारी परदेशी झुडपं, तीही उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर, मुळासकट. तोडलेला तुकडा ओल्या मातीत पडला की पुन्हा फुटतो, म्हणून काठापासून दूर नेऊन वाळवा.

पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीखालचं पाणीच खारं आहे तिथे, बोअर खोल नेऊन गोडं पाणी लागेल ही आशा सोडा. तिथे शेततळ्यातलं पावसाचं पाणीच कामाचं.

सोयाबीन सपाट वावरात पेरू नका. रुंद वरंबा-सरीवर पेरलं तर अतिवृष्टीत जादा पाणी सरीतून निघतं, उघडीप पडली तर सरीत मुरलेली ओल पिकाला तगवते. धुरा, म्हणजे वावराचा बांध, पेटवू नका. त्यावरचं गवतच माती धरतं.

झाडांचं म्हणाल तर रोपं पुष्कळदा उशिरा खणलेल्या खड्ड्यांपायी आणि उशिरा लागवडीपायी मरतात. खड्डे उन्हाळ्यात खणून तापू द्या, लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर लगेच करा. ऑगस्ट उलटल्यावर लावलेल्या रोपाला मुळं खोल न्यायला वेळच मिळत नाही. कडुनिंब, पळस, मोह, आवळा, बोर ही इथलं ऊन सोसणारी झाडं निवडा.

आणि चराईबंदीचा ठराव ग्रामसभेत घेताना गुरं राखणाऱ्यांना पुढे बसवा. कोणता भाग यंदा बंद, कोणता उघडा, गुरं पाण्यावर कोणत्या वाटेनं जातील, हे त्यांच्याशी बोलूनच ठरवा. त्यांना वगळून घातलेलं काटेरी कुंपण दिवाळीपर्यंतही टिकत नाही.