केस निळे करायचेत आणि नोकरी पण आहे? आधी हे करा

कोल्हापुरात रंगपंचमी झाली की पुढचे दोन-चार दिवस बँकेत जा, दुकानात जा, एमआयडीसीत जा, कुणाच्या ना कुणाच्या केसात गुलाबी-हिरवं राहिलेलं असतंयच आणि कुणी कुणाला काय बोलत नाही. पण तोच गुलाबी पार्लरमध्ये पैसे देऊन केला की लगेच केबिनमध्ये बोलावणं येतंय.

माझ्यासोबत झालंय हे. एका शोरूमला काउंटरवर होते, बर्गंडी, म्हणजे गडद लाल, केस करून गेले तर मॅनेजरनं जेवणाच्या सुट्टीआधीच उठवून आत स्टॉक मोजायला बसवलं, का तर म्हणे कस्टमरला बरं दिसत नाही. आमच्या कॅशियर काकांचे केस मेंदीनं लालभडक केशरी असायचे, त्यावर कधी कुणी शब्द काढला नव्हता. मी गप्प बसले कारण नियम काय आहे हेच मला माहीत नव्हतं.

म्हणून पहिलं काम, नियम शोधा. अपॉइंटमेंट लेटर काढा आणि नीट वाचा. माझ्यात नंतर बघितलं तर एकच ओळ, "स्वच्छ व नीटनेटक्या पेहरावात यावे". रंगाचा र पण नाही! मोठ्या कारखान्यात असाल तर स्टँडिंग ऑर्डर्स, म्हणजे कामगारांसाठीचे लेखी नियम, गेटजवळच्या बोर्डावर आहेत का बघा, नसतील तर ऑफिसात मागून वाचा. केस कुठल्या रंगाचे असावेत असं आपल्या शॉप अ‍ॅक्टमध्ये काही नाही, पण कंपनी स्वतःचा ड्रेस कोड करू शकते, आणि काहीजण फार बारीक करतात, एअर इंडियानं २०२२ मध्ये केबिन क्रूसाठी फॅशन कलर तर सोडाच, मेंदी पण नको असं सांगितलं होतं. तसं लेखी असेल तर सही करायच्या आधीच विचार करा.

मग एक गोष्ट वेगळी काढा, रंग आणि सेफ्टी. शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मशीनवर काम असेल तर मोकळे केस कुठल्याही रंगाचे असोत, धोकाच आहे, लेथमध्ये बट अडकली तर डोक्याची कातडी निघते, तिथं वाद घालायचाच नाही. खाण्याच्या धंद्यात टोपी घालावीच लागते. पण केस घट्ट बांधून टोपीखाली गेले की मग सुपरवायझरला शांतपणे विचारा, सर अडचण केसांची आहे का रंगाची?

रंगवायच्या आधी विचारा, नंतर नाही. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी मालक हाच एचआर असतो, त्यामुळं महिनाअखेरीच्या नाहीतर दिवाळीच्या गडबडीत विषय काढू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाका आणि सरळ लिहा: "सर, केसांना असा कलर करायचा विचार आहे. काही अडचण असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे अपॉइंटमेंट घेत नाही." उत्तर आलं की स्क्रीनशॉट ठेवा. तोंडी "बघू की" म्हणजे हो नव्हे.

पहिल्यांदा करताय तर आतल्या थरात करा, वरचे केस सोडले की झाकलं जातं, बांधले की दिसतं. आपल्या काळ्या केसांवर निळा-जांभळा उठून दिसायला आधी ब्लीच लागतंय, आणि आधी काळी मेंदी लावली असेल तर पार्लरवाल्या ताईंना सांगाच, काही पाकिटांत धातूचे क्षार असतात, ब्लीच लागलं की केस तापतात आणि तुटतात. पॅच टेस्ट, म्हणजे थोडा रंग लावून त्रास होतो का ते बघणं, ४८ तास आधी, कानामागं. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात, म्हणजे दीड-दोन महिन्यांत मुळं काळी दिसायला लागतात आणि "नीटनेटके" या शब्दावर तुम्हाला पकडायला तेवढं पुरतं. टचअपचे, म्हणजे मुळं परत रंगवायचे, पैसे आधीच बाजूला ठेवा.

आणि पाऊस! माझी मैत्रीण जुलैत गाडीवरनं शिवाजी पूल ओलांडून आली तेव्हा तिच्या पांढऱ्या युनिफॉर्मच्या कॉलरवर निळे ओघळ होते, मागनं पाठीपर्यंत. नवीन रंग पहिल्या काही धुण्यांत सुटतोच, घामानं पण सुटतो, तर पांढरा युनिफॉर्म असेल तर पावसाळा संपू द्या.

एवढं करून पण "काळे करून या" म्हणाले तर भांडू नका, रडू पण नका. हा नियम सगळ्यांना आहे का आणि कुठं लिहिलाय, एवढं मेलवर विचारा आणि आठ-दहा दिवस मागून घ्या. त्याच रात्री घरी काळ्या डायचं पाकीट फोडू नका. मी फोडलं होतं. ब्लीचनं आधीच हुळहुळलेल्या टाळूवर तो डाय लागला आणि सकाळी कानाच्या पाळ्या सुजलेल्या, मानेला पुरळ, दोन दिवस रजा टाकावी लागली. काळा करायचाच असेल तर टाळू शांत होऊ द्या, परत पॅच टेस्ट घ्या आणि पार्लरमध्येच करा, तोवर अंबाडा घालून रंगीत बटा आत खोचल्या की काम भागतंय.