मोरियाचे कंद उन्हाळ्यात कुजणं थांबलं
मोरिया अरिस्टाटा हे आयरिसच्या कुळातलं पांढरं फूल, मोठ्या पाकळ्यांच्या बुडाशी निळा डोळा. मूळ केपटाउनचं, रानात आता जेमतेम तिथल्या वेधशाळेच्या आवारात उरलंय. मेलबर्नला आमच्या वाफ्यात ठिबक डिसेंबरातही, म्हणजे इथल्या उन्हाळ्यातही, चालू असायचं, त्यात झोपलेले कंद कुजत. आता ते खोल कुंडीत आहेत: निम्मी जाड वाळू, निम्मं पॉटिंग मिक्स, शेणखत अजिबात नाही. नोव्हेंबरात पानं पिवळी पडली की पाणी बंद आणि कुंडी वळचणीला. पहिलं पाणी थेट एप्रिलमध्ये. सप्टेंबरात फुलं येतात. कोरडी कुंडी बघून सासूबाई तांब्याभर पाणी ओततात, तेवढं सांभाळावं लागतं! बी मात्र धरू देत नाही. याचे काही भाऊबंद ऑस्ट्रेलियात तण बनलेत, शिवाय गुरांना विषारी.