रीमॅपनंतर डिझेल पिकअप चढाला दम टाकत होती: माझा अनुभव

ईसीयू रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलणं) केल्यावर आणि मोठा इंटरकूलर (टर्बोकडून येणारी हवा थंड करणारा भाग) बसवल्यावर गाडी सपाटीवर सुसाट, पण चढाला ढिम्म. मागे काळा धूर, बिघाडाचा कोड पी०२९९, म्हणजे टर्बोचा (इंजिनात दाबाने हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) दाब अपुरा. एअर फिल्टर बदलला, सेन्सर साफ केला, मूळ प्रोग्रामही परत टाकून पाहिला. पार वैतागलो.

शेवटी इंजिन थंड असताना टर्बोच्या इनलेटला (हवा आत शिरते त्या तोंडाला) टोपी लावून कॉम्प्रेसरने हवा भरली, रेग्युलेटर १५ पीएसआयवर (जास्त नको, सील जातात). जोडांवर साबणपाणी मारलं. इंटरकूलरच्या गरम बाजूच्या (टर्बोकडून येणाऱ्या) होजवर, म्हणजे रबरी नळीवर, बुडबुडे! होज काढून आतलं तेल ब्रेक क्लीनरने पुसलं. तेलानेच तो सरकतो. मग पाइपच्या कडेच्या उंचवट्यापलीकडे पूर्ण चढवून टी-बोल्ट क्लॅम्प आवळला. पुन्हा दाब भरून तपासलं, नंतरच कोड पुसला. धूर गेला, ओढ आली.