नळी बसेचना!

शेतीसंरक्षणाच्या लायसनवर आमच्याकडे आजोबांपासूनची दुनळी बारा बोर बंदूक आहे, वानर-डुकरांसाठी. गणपतीनंतर कव्हरातून काढून जोडायला गेलो तर नळी बिजागरीवर बसेचना. आधी दोन्ही चेंबर (काडतुसाच्या जागा) रिकामे बघितले, मग बॅटरी मारली तर हुकात (नळीचा बिजागरीत अडकणारा भाग) तांबडा गंज, घर समुद्राला लागून, खारा वारा, आणि मी शहाणा पावसाळाभर चामड्याच्या कव्हरात ठेवलेली, चामडं ओल धरतं ना! रॉकेल लावून रात्रभर ठेवली, सकाळी पितळी ब्रशने हलक्या हाताने घासली (पॉलिश पेपर अजिबात नको), बिजागरीला नखभर ग्रीस. खट्कन बसली. अमेरिकन डॅन वेसन रिव्हॉल्वरला तर नट सोडून नळीच बदलतात, पण मग नळी-सिलिंडरमधली फट गेजने (मोजायच्या पातळ पट्टीने) ०.००६ इंच धरायची. ती कटकट इथे नाही. कव्हर आता माळ्यावर.